पंगतीतून सर्वांत शेवटी उठणारे सर: अन्ननलिकेच्या ॲलर्जीचं एक प्रकरण

सर चौतीस वर्षांचे. तालुक्याच्या गावी शाळेत गणित शिकवतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लिहायला त्यांची आणि घरच्यांची परवानगी आहे.) मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एका लग्नाच्या रात्री. मटणाचा तुकडा छातीत अडकला होता. पाणी तर सोडाच, स्वतःची थुंकीही गिळता येत नव्हती. मांडीवर स्टीलचं पातेलं धरून ते दर मिनिटाला त्यात थुंकत होते आणि सोबतचे पाहुणे "जरा कोल्ड्रिंक पाजून बघू का?" असं विचारत होते.

तोंडातून दुर्बीण घालून तुकडा काढला. खालची अन्ननलिका थोडी लालसर, सुजल्यासारखी दिसली. अडकलेल्या तुकड्यानेच झालं असेल, असं मी धरलं. रात्रीचा एक वाजून गेला होता. बायोप्सी, म्हणजे चिमट्याने अस्तराचे बारीक तुकडे तपासणीसाठी, घेतली नाही. "पंधरा दिवसांनी दाखवायला या, तेव्हा नीट बघू," असं सांगून घरी पाठवलं. ते आले नाहीत, कारण त्यांना बरं वाटत होतं.

घास अडकून आलेल्या तरुण माणसाच्या बायोप्सी शक्यतो त्याच वेळी घ्याव्यात, हे मला तेव्हाही माहीत होतं. पाश्चात्त्य देशांत मोठ्या माणसांचा घास असा अडकण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे अन्ननलिकेची ॲलर्जी, इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस. सरांना हाच आजार होता. त्या रात्री सहा चिमटे घेतले असते तर निदान दोन वर्षं आधी झालं असतं. ही चूक माझी. म्हणून हे प्रकरण मी त्या रात्रीपासून सांगतो आहे.

दोन वर्षांनी ते पुन्हा आले. शाळेच्या मधल्या सुट्टीत डब्यातली चपाती-भाजी खाताना घास अडकला होता. वीस मिनिटांनी तो आपोआप खाली गेला. सरांना तेवढ्यासाठी दवाखान्यात यायचं नव्हतं, पत्नीने आणलं. मी विचारलं, "एरवी गिळायला त्रास होतो का?"

"नाही हो. कधीतरी एखादा घास अडकतो. तसा काही त्रास नाही."

शेजारी बसलेल्या ताईंना राहवलं नाही. "डॉक्टर, ह्यांचं पान कधी वेळेत संपलंय? पंगत उठते, दुसरी बसते, तरी हे पहिल्याच भाताशी. जेवताना तांब्याभर पाणी लागतं. भाकरी आमटीत बुडवून पार लगदा केल्याशिवाय खात नाहीत. मटणातला नुसता रस्सा घेतात, फोडी मला देतात. मला वाटायचं, सवयच आहे."

सवय नव्हती. चौदा वर्षांपूर्वी, होस्टेलवर असताना, पहिल्यांदा पाव अडकला. तेव्हापासून एकेक पदार्थ गळत गेला. आधी पाव, मग मटण, मग कोरडी चपाती, मग सफरचंदाची साल. लग्नाला गेले की "आत्ताच खाऊन आलोय" म्हणायचं. माणूस हळूहळू आपलं जेवण आजाराच्या मापाचं करून घेतो, आणि मग विचारल्यावर खरंच सांगतो की त्रास नाही. तेव्हापासून मी "गिळायला त्रास होतो का?" एवढ्यावर थांबत नाही. जेवायला किती वेळ लागतो, घासामागे पाणी लागतं का, आणि काय काय खायचं सोडलंत, हेही विचारतो. आणि शक्य असेल तर घरच्या माणसाला विचारतो.

बाकीच्या इतिहासात सगळं होतंच. लहानपणी दमा, वयात आल्यावर कमी झालेला. सकाळी उठल्या उठल्या सात-आठ शिंका. रक्तात इओसिनोफिल, म्हणजे ॲलर्जीत आणि जंतांत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ८ टक्के. आपल्याकडे हा आकडा दिसला की जंताची गोळी मिळते. यांना वेगवेगळ्या ठिकाणी तीनदा मिळाली होती. जंत हे आपल्याकडे खरोखरच मोठं कारण आहे, त्यामुळे त्यात वावगं काही नाही. पण शौच तपासणीत काही न सापडल्यावरही आकडा तसाच का, हे कुणी विचारलं नाही. अधूनमधून पित्ताच्या गोळ्याही चालू होत्या.

दुसरी एण्डोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, मी सावकाश केली. कच्च्या गाडग्यात आतून हात फिरवला तर कुंभाराच्या बोटांच्या कड्या लागतात ना, तशा गोल कड्या अन्ननलिकेभर दिसल्या. त्यांना छेदून वरून खाली गेलेल्या रेघा, नांगराच्या तासांसारख्या. मध्ये मध्ये रव्याएवढे पांढरे ठिपके, पाण्याच्या फवाऱ्याने न निघणारे. खालच्या भागात ९ मिलिमीटरची दुर्बीण सरळ उतरेना, थोडा जोर द्यावा लागला. बायोप्सीचा चिमटा लावून ओढला तर भिंत चटकन सुटेना, ओलं चामडं ओढावं तसं वाटलं. खालून तीन आणि वरून तीन तुकडे घेतले. हा आजार सगळीकडे सारखा पसरत नाही, ठिगळाठिगळांनी असतो. एकाच जागचा तुकडा घेतला तर हुकू शकतो.

निरोगी अन्ननलिकेच्या अस्तरात इओसिनोफिल पेशी नसतात. सूक्ष्मदर्शकातून खूप मोठं करून पाहताना एका नजरेत दिसणाऱ्या भागात त्या १५ किंवा जास्त दिसल्या, सोबत गिळण्याचा त्रास असला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर निदान होतं इओसिनोफिलिक इसोफॅजायटिस, बोलताना ईओई. सरांच्या तुकड्यांत खाली ६२, वर ४८.

हा आजार वेगळा म्हणून ओळखला गेला त्याला फार वर्षं झालेली नाहीत. १९९३ मध्ये ॲटवूड यांनी आणि १९९४ मध्ये स्वित्झर्लंडच्या स्ट्राउमान यांनी तो स्वतंत्रपणे मांडला. त्याआधी अशा पेशी दिसल्या की 'ॲसिड वर येतंय' म्हणून सोडून दिलं जायचं. १९९५ मध्ये अमेरिकेत दहा मुलांना काही आठवडे प्रथिनं पूर्ण वगळून, फक्त अमायनो आम्लांचं द्रवरूप अन्न दिलं गेलं. सगळ्यांचाच त्रास गेला किंवा कमी झाला आणि पेशीही उतरल्या. म्हणजे चिथावणारी गोष्ट अन्नातली प्रथिनं होती. ही शेंगदाणा खाल्ल्यावर ओठ सुजतात तसली तत्काळ ॲलर्जी नव्हे. ही आतल्या आत, दिवसरात्र, वर्षानुवर्षं चालते. सूज जुनी झाली की तिथे जखम भरल्यावर राहतो तसा व्रण धरतो आणि नळी कडक, अरुंद होते. स्वित्झर्लंडमधल्या २०० रुग्णांच्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. ज्यांचं निदान दोन वर्षांच्या आत झालं त्यांच्यात नळी आकसल्याचं प्रमाण सुमारे १७ टक्के, आणि ज्यांना वीस वर्षांहून जास्त उशीर झाला त्यांच्यात सुमारे ७१ टक्के. सरांची चौदा वर्षं झाली होती, त्यातली शेवटची दोन माझ्या खात्यावर.

उपचार काय काय आहेत ते दोघांना समोर बसवून सांगितलं. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या, म्हणजे पीपीआय. गिळायचं स्टेरॉइड. अन्नातला दोषी पदार्थ शोधून काढणं. आणि डुपिलुमॅबचं आठवड्याला एक इंजेक्शन, जे अमेरिकेत २०२२ पासून या आजारासाठी मान्य आहे. त्याच्या चाचणीत सुमारे ६० टक्के रुग्णांच्या पेशी अगदी खाली आल्या, तुलनेसाठी दिलेल्या खोट्या औषधावर जेमतेम ५ टक्क्यांच्या. औषध चांगलं आहे. पण दर आठवड्याचा तो खर्च या घराला परवडणारा नव्हता, आणि बाकीचे मार्ग अजून चाचपायचे होते. सर म्हणाले, "सगळ्यात सोपं असेल ते आधी."

सोपं म्हणजे पीपीआय, दिवसातून दोनदा. शंभरातल्या चाळीस-पन्नास जणांमध्ये एवढ्यावरच पेशी उतरतात. या गोळ्या फक्त आम्लच कमी करत नाहीत. अन्ननलिकेचं अस्तर इओसिनोफिलना बोलावणारं जे रसायन सोडतं, तेही दाबतात.

दहा आठवड्यांनी सर हसत आले. "ऐंशी टक्के फरक आहे, डॉक्टर." एकदाही अडकलं नव्हतं. "दुर्बीण परत कशाला? बरं आहे ना आता." ताई काही बोलल्या नाहीत, मीच त्यांच्याकडे पाहिलं. "भाकरी अजून बुडवूनच खातात," त्या म्हणाल्या.

दुर्बीण घातली. कड्या, तास, ठिपके सगळं जागच्या जागी. पेशी ४१.

इथे बरेच रुग्ण हातातून सुटतात. तक्रार कमी झाली, डॉक्टरही खूश, गोळ्या चालू. आत सूज तशीच आणि व्रण दर महिन्याला थोडा थोडा घट्ट होतोय. एण्डोस्कोपी कुणालाच आवडत नाही, खर्च होतो, एक दिवस मोडतो. तरीही उपचार बदलला की साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तुकडे घेऊन मोजायलाच हवं, यावर मी ठाम आहे. या आजारात रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवणं म्हणजे त्याच्यावर दया करणं नव्हे.

दुसरी पायरी, गिळायचं ब्युडेसोनाइड. युरोपात जिभेवर विरघळणारी त्याची खास गोळी २०१८ पासून आहे. तिच्या चाचणीत सहा आठवड्यांत जवळजवळ ५८ टक्के रुग्णांची तक्रारही गेली आणि पेशीही उतरल्या, खोट्या गोळीवर एकाचंही नाही. ही गोळी आमच्या तालुक्याच्या मेडिकलमध्ये मिळत नाही. म्हणून दम्यासाठी वाफेतून द्यायच्या त्याच औषधाच्या छोट्या प्लास्टिकच्या कुप्या आम्ही वापरतो. चिठ्ठीवर मी लिहिलं, १ मिलिग्रॅमची एक कुपी, मधात कालवून, दोन वेळा गिळणे.

तीन आठवड्यांनी सहज चौकशीचा फोन केला तेव्हा कळलं, सर ते औषध मशीन लावून नाकातोंडातून ओढत होते. मेडिकलवाल्याने कुप्या बघून सांगितलं होतं, "हे प्यायचं नसतं सर, वाफ घ्यायची असते. डॉक्टरांनी घाईत लिहिलं असेल." त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तो आयुष्यभर ते औषध वाफेसाठीच विकत आलाय. मी समोर बसवून करून दाखवायला हवं होतं. तीन आठवडे छातीला औषध मिळालं, अन्ननलिकेला थेंब नाही.

मग दोघांना बोलावून टेबलावरच करून दाखवलं. छोटी वाटी घ्यायची. कुपीचं टोक पिरगाळून तोडायचं, आतलं २ मिलिलिटर वाटीत पिळायचं. त्यावर चहाचा एक चमचा मध. चमच्याने घोटायचं, पाकासारखी धार होईपर्यंत. पातळ राहिलं तर पाण्यासारखं सरळ पोटात निघून जातं. औषध भिंतीला चिकटलं तरच काम करतं. मग पाच-दहा मिनिटं थोडं थोडं चाटत गिळायचं. त्यानंतर अर्धा तास अन्न नाही, पाणी नाही. अर्ध्या तासाने चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात बुरशी धरते. सकाळी नाश्त्यानंतर एकदा आणि रात्री सगळं आवरून झोपताना एकदा. पाण्याशिवाय अर्धा तास हे सरांना सगळ्यात अवघड गेलं. चौदा वर्षं तांब्या जवळ ठेवून जगलेला माणूस तो.

बारा आठवड्यांनी तुकडे घेतले. खाली ३, वर १. ठिपके गेले, तास भरून आले. अहवाल वाचून मला झालेला आनंद लपवता आला नाही.

पण सर खूश नव्हते. "मागच्या आठवड्यात चपाती अडकली होती. मग हे औषध काय कामाचं?"

प्रश्न रास्त होता. सूज विझली होती, पण चौदा वर्षांत धरलेला व्रण औषधाने विरघळत नाही. एक्स-रेत दिसणारं बॅरियमचं द्रावण पाजून फोटो काढले तर अन्ननलिकेचा खालचा तिसरा हिस्सा ११ मिलिमीटरवर आकसलेला. दुर्बिणीतून हे नेमकं कळत नाही. दुर्बीण ९ मिलिमीटरची, ती जाते म्हणजे नळी ठीक आहे असं वाटतं. पण नळी १३ मिलिमीटरच्या खाली गेली की घट्ट घास अडकणारच, आत एकही इओसिनोफिल नसला तरी. पहिल्या वेळी तक्रार कमी आणि आजार जोरात होता, आता आजार शांत आणि तक्रार शिल्लक. आधी मी त्यांचं "बरं आहे" नाकारलं होतं. आता "बरं नाही" नाकारलं असतं तर तीही तेवढीच मोठी चूक झाली असती.

नळी रुंद करायचं ठरवलं. आधी तार सोडायची आणि तिच्यावरून निमुळत्या, वाकणाऱ्या नळ्या एकामागून एक, जाडी वाढवत न्यायच्या. घाई करायची नाही. अडथळा जाणवायला लागला की त्या बैठकीत साधारण ३ मिलिमीटरपेक्षा पुढे जायचं नाही. पहिल्या बैठकीत १३पर्यंत गेलो, तीन आठवड्यांनी १५, आणखी महिन्याने १६. आधीच सांगून ठेवलं होतं, दोन दिवस छातीत दुखेल, आतलं अस्तर थोडं फाटतं, ते फाटणं अपेक्षितच असतं. पूर्वी या आजारात अन्ननलिकेला भोक पडेल या धास्तीने लोक नळी रुंदच करायचे नाहीत. सावकाश केलं तर तो धोका शंभरात एकाहूनही कमी आहे. दुखलं. पहिल्या वेळी बरंच दुखलं, सरांनी शाळेत एक दिवस रजा टाकली. सूज आधी विझवून मग रुंद केलं याचं मला समाधान आहे. नुसतं रुंद करून आतली आग तशीच ठेवली असती तर नळी पुन्हा आकसली असती.

तिसऱ्या बैठकीनंतर पंधरा दिवसांनी ताईंचा फोन आला. सरांनी पिठलं-भाकरी खाल्ली होती. भाकरी न बुडवता, तोडून. आणि मुलाच्या आधी ताटावरून उठले होते.

इथे कथा संपली असती तर बरं वाटलं असतं. पण सरांचा पुढचा प्रश्न गणिताच्या शिक्षकाला शोभेल असा होता. "हे औषध किती दिवस?" खरं उत्तर असं की थांबवलं की बहुतेकांचा आजार परततो. त्या युरोपातल्या गोळीवर वर्षभर ठेवलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश रुग्ण बरे राहिले, गोळी बंद करून खोटी दिलेल्यांपैकी ५ टक्क्यांहूनही कमी. सरांना ते पटलं नाही. "कारणच काढून टाकता येत नाही का?"

अन्न वगळण्याची जुनी पद्धत सहा गोष्टींची आहे: दूध, गहू, अंडी, सोया, शेंगदाणे आणि सुकामेवा, मासे. यातलं काय बाधतं ते त्वचेच्या चाचणीने किंवा रक्ताच्या ॲलर्जी पॅनलने कळत नाही. त्यावर हजारो रुपये घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. वगळून, तुकडे घेऊन, मोजूनच कळतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १२९ प्रौढांवरचा अभ्यास आला. सहाही गोष्टी सोडणाऱ्यांपैकी ४० टक्के आणि फक्त दूध सोडणाऱ्यांपैकी ३४ टक्के रुग्णांच्या पेशी उतरल्या. फरक नगण्य. मग घराची सगळी घडी विस्कटण्यापेक्षा आधी दूध. स्टेरॉइड थांबवलं आणि दहा आठवडे दूध बंद केलं.

दूध बंद म्हणजे काय, हे मला त्यांच्या घरामुळे कळलं. चहा कोरा झाला. ताक, दही, तूप गेलं. दशम्या गेल्या. ताईंनी बिस्किटांच्या पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचायला सुरुवात केली आणि निम्म्यांत दुधाची पावडर सापडली. शेजाऱ्यांची गाय व्यायली, खरवसाचा डबा आला, तो तसाच नणंदेकडे गेला. सत्यनारायणाचं पंचामृत सरांनी हातावर घेतलं, डोळ्यांना लावलं आणि मुलाच्या ओंजळीत दिलं. इतकं काटेकोर पथ्य मी फार कमी घरांत पाहिलंय.

दहा आठवड्यांनी सर उत्तम होते. काहीही अडकत नव्हतं. पेशी ३०.

त्या अहवालाने मला सर्वांत जास्त घाबरवलं. नळी आता १६ मिलिमीटरची होती, त्यामुळे सूज परतली तरी घास अडकणार नव्हता. इशारा देणारी घंटाच मी काढून टाकली होती. तुकडे घेतले नसते तर दोघंही पुढची चार-पाच वर्षं दूध सोडून खुशाल राहिलो असतो आणि नळी पुन्हा हळूहळू आवळत गेली असती.

पुढचा संशयित गहू. चपाती सोडता येईल, घरात ज्वारी-बाजरी होतीच. पण ताई स्वयंपाकघरातून हिंगाची डबी घेऊन आल्या होत्या, ती माझ्या टेबलावर ठेवली. घटकांत गव्हाचं पीठ. बाजारातल्या बांधलेल्या हिंगात मैदा किंवा पीठ मिसळलेलं असतं, हे मलाही तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. "म्हणजे रोजच्या आमटीत," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. आवाजात थकवा होता. सर त्यांच्याकडे बघत राहिले. "नको," ते म्हणाले, "मी औषध घेतो. हिने दहा आठवडे पुड्या वाचल्यात, आता पुरे."

मी आग्रह केला नाही. गहू वगळून कदाचित यश आलं असतं, कदाचित नसतं. पण प्रत्येक पायरीला एक एण्डोस्कोपी आणि अख्ख्या घराचं पथ्य, हे त्या घराने तोलून पाहिलं होतं. दूध परत सुरू झालं. ब्युडेसोनाइड पुन्हा पूर्ण मात्रेत तीन महिने, मग निम्मं, अर्ध्या मिलिग्रॅमची कुपी दोनदा. वर्षानंतरचे तुकडे खाली ४, वर २. नळीची रुंदी टिकून आहे. तोंडात एकदा पांढरी बुरशी आली होती, आठवड्याच्या औषधाने गेली. चूळ भरायला विसरत होते. आता वाटीशेजारीच पेला ठेवतात. स्टेरॉइडमुळे शरीराचं स्वतःचं संप्रेरक दबलं नाही ना हे बघायला सकाळचं कॉर्टिसॉल तपासलं, ठीक आहे.

मागच्या भेटीत सर बाहेर फोनवर बोलत होते तेव्हा ताईंनी मुलाचं विचारलं. नऊ वर्षांचा आहे, सर्दी-शिंका आहेत, जेवताना घासागणिक पाणी पितो. जवळच्या नात्यात हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, तरी बहुतेक मुलांना तो होत नाही, असं मी सांगितलं.

"तो बाबांचं बघून पाणी पितो की त्याला लागतंच म्हणून पितो, हे कसं ओळखायचं?"

मी म्हटलं, पेला आठ दिवस हाताशी ठेवू नका, त्याने मागितलं तर लगेच द्या. चपाती-भाजी रोजचीच वाढा, आणि काही न बोलता बघा, तो जेवायला किती वेळ लावतो, कशाला नको म्हणतो, घास तोंडात किती फिरवतो. त्यांनी पर्समधून सरांची फाइल काढून तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ते लिहून घेतलं. मे महिन्याच्या सुट्टीत मुलाला घेऊन येणार आहेत.